डाव्या कडेला एक व्यक्ती

पाय रजईखाली घ्या, टेबलाखाली शेगडी आहे. संकोच करू नका. दिवा बारीक ठेवलाय तो मुद्दामच. मोठ्या उजेडात हे सांगायला लागलो की मला हसू येतं, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा थापा मारतोय.

तर तुमचा प्रश्न असा, की डोंगर आणि तारे एकाच फोटोत घ्यायचे तर वाइड लेन्स कोणती घ्यावी. दुकानात विचारलंत तर दोन मिनिटांत उत्तर मिळेल. माझ्याकडे आलात, म्हणजे आता चहा दोनदा होणार. मी बसचा ड्रायव्हर होतो. ओकुझावा ते मात्सुमोतो, चौतीस वर्षं. प्रत्येक थांब्यावर थांबल्याशिवाय मला कुठे पोचताच येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावची शाळा पाडायचं ठरलं. लाकडी, एकमजली, लांबच लांब शाळा. गावात मुलंच उरली नाहीत, तर शाळा ठेवून करायचं काय? नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मशीन येणार, अशी सूचना घरोघर फिरली. त्या शाळेत माझी थोरली बहीण, फुसाएताई, एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवत होती. आईवडील लवकर गेले, मला तिनेच वाढवलं. आता ती ब्याऐंशीची आहे आणि खाली नदीकाठच्या वृद्धाश्रमात असते. पाय गेलेत. तोंड ठणठणीत आहे.

शाळा पाडणार म्हणून सांगितलं तेव्हा तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "तू ते तारेबिरे काढत रानोमाळ हिंडतोस ना? मग माझी शाळा काढून आण. वर आकाशगंगा असलेली. ऑक्टोबरात अंधार पडला की ती बरोबर छपरावर उभी राहते. आणि हे बघ, शाळा अख्खी हवी. घंटेच्या खांबापासून माझ्या वर्गापर्यंत. एक खिडकी जरी कमी आली तरी मी घेणार नाही."

"आणतो की ताई. त्यात काय!"

त्यात काय, ते मला पुढच्या पंधरा दिवसांत कळलं.

अडचण अशी होती. शाळेसमोर मैदान, आणि मैदान संपलं की लगेच तळं. तळ्याच्या काठावर अगदी टाचा टेकवून उभा राहिलो तरी माझ्या पस्तीस एमएमच्या लेन्समध्ये निम्मी शाळा बाहेरच. मागे सरकावं तर पाणी. पलीकडच्या काठावर जावं तर देवदारांची भिंत. होडी म्हणाल, तर ताऱ्यांसाठी शटर वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि वीस सेकंद अजिबात न हलणारी होडी अजून कुणी बांधलेली नाही.

पहिल्यांदा मी दोन फोटो काढून जोडून नेले. ताईने भिंग लावलं. "छपराला मधेच पायरी कधी केली रे?"

दुसऱ्यांदा एका मित्राची फिशआय लेन्स मागून आणली. तीत अख्खी शाळा आली, पण वाकून आली. "ही शाळा आहे की केळं?"

तिसऱ्यांदा वीस एमएमची स्वस्तातली लेन्स. पहिलीचा वर्ग थोडासा कापला गेला होता. आणि कोपऱ्यातले तारे असे ताणले गेले होते, की ताईने विचारलं, "यांना पंख का फुटलेत?"

"ताई, लेन्स हलकी असली की कडेला होतं तसं. पण शाळा बघ ना. जराशीच राहिली आहे."

तिने भिंग खाली ठेवलं. "त्या जराशात मी एकतीस वर्षं काढली, इसामु."

फोटो गुंडाळला आणि बाहेर पडलो. घरी येईपर्यंत माझा मला राग येत होता. जन्मात तिने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

लेन्सचा आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं; आता इलाज एकच होता, चौदा एमएमची चांगली लेन्स. तीत शाळाही मावणार आणि वरचं आकाशही. पण नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून मात्सुमोतोला हिराबायाशींच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. आमच्याकडे जुन्या मालाच्या दुकानात एक रीत आहे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावतात आणि तिच्यात वस्तूची सगळी खोड खरी खरी लिहितात. हिराबायाशी त्या बाबतीत फारच कडक माणूस. चष्म्यावर चष्मा लावून खोडी शोधतो.

कपाटात एक चौदा एमएम होती. समोरची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. किंमत बाजारभावाच्या निम्मी. चिठ्ठी अशी: 'नळीवर घासल्याच्या खुणा. आत किंचित धूळ. डाव्या कडेला एक व्यक्ती येते. फोटो काढण्यास अडचण नाही.'

मी पुन्हा वाचलं. "हिराबायाशीसान, हे तिसरं काय आहे?"

"खोड आहे, कुरोइवासान." त्यांनी मान लववली. "सांगणं आमचं कर्तव्य."

"व्यक्ती म्हणजे… माणूस?"

"आम्ही तपासून पाहिलं. पाठमोरी असते, त्यामुळे जास्त काही सांगता येत नाही."

"आणि कडेचे तारे?"

"टाचणीच्या टोकासारखे!" त्यांचा चेहरा उजळला. "एकालाही पंख नाहीत. काच फार उत्तम आहे, म्हणून तर टाकून देववत नाही."

मी मनात म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. लेन्स घेतली. बस चालवली आहे मी; एक माणूस जास्त चढला म्हणून काय गाडी थांबवतात?

स्टेशनबाहेर, भर दुपारी, पहिला फोटो काढला. रस्ता, दुकानं, मागे आमच्या जपानी आल्प्सचे डोंगर. आणि डाव्या कडेला गडद कोट घातलेला एक पाठमोरा माणूस, हात मागे बांधून डोंगराकडे बघत उभा. मान वर करून पाहिलं तर तिथे फक्त सायकली. दुसरा काढला, तिथेही तो. कॅमेरा उलटा धरून काढला. तो तरी उलटा दिसावा की नाही? फोटोत डोंगर खाली डोकं वर पाय, आणि हा डाव्या कडेला सरळ उभा. वाइड लेन्समध्ये कडेला आलेला माणूस आडवा ताणला जातो, त्यामुळे जाडा की बारीक तेही कळेना. तिथल्याच बाकावर बसलो आणि हिराबायाशींना फोन लावला.

"येतोय," मी म्हटलं.

"हो, चिठ्ठीत आहे," ते म्हणाले.

"आधी ज्यांची लेन्स होती ते काही म्हणाले नाहीत?"

"म्हणाले होते, सवय होते म्हणून."

"मग विकली का?"

"त्यांनी नाही विकली. त्यांच्या घरच्यांनी विकली."

मी फोन ठेवला. परत द्यायचं म्हटलं तर चिठ्ठीत लिहिलेल्या खोडीसाठी माल परत घेत नाहीत, हीसुद्धा रीतच. आणि खरं सांगू? परत द्यायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्यानंतर चंद्र संध्याकाळीच आकाशात येऊन बसणार आणि आकाशगंगा पुसून टाकणार. पुढच्या अमावास्येआधी मशीन येणार. एकच संध्याकाळ होती हातात.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी तळ्याच्या काठावर होतो. आमच्याकडे अंधारात बाहेर पडताना प्रत्येक जण कमरेला घंटी बांधतो, अस्वलाला कळावं म्हणून. चालताना माझी घंटी वाजत होती तेवढाच आवाज. थांबलो की तोही नाही. ओल्या पानांचा वास, तळ्याच्या चिखलाचा वास, आणि शाळेच्या जुन्या लाकडाचा तो ओळखीचा वास. पोरगा असताना त्याच वासात ताईच्या वर्गाबाहेर मी तिची वाट बघत बसायचो. कॅमेऱ्याची तिपाई उभी केली, तिचा मागचा पाय अगदी पाण्याला टेकवला, आणि अंधार पडायची वाट बघत बसलो.

साडेसातला आकाशगंगा छपरावर उभी राहिली. अगदी ताई म्हणाली होती तशी. मी शटर दाबलं आणि श्वास रोखून वीस सेकंद मोजली.

पडद्यावर शाळा अख्खी! घंटेचा खांब, शिक्षकांची खोली, सगळे वर्ग, कोपऱ्यापर्यंत टाचणीसारखे तारे. आणि डाव्या कडेला, बरोब्बर पहिलीच्या वर्गासमोर, आमचे साहेब. हात मागे बांधून. तिन्ही खिडक्या त्या ताणलेल्या पाठीमागे गडप.

मला भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. एवढी मोठी शाळा आहे, एवढं मोठं मैदान आहे, आणि उभं राहायला या माणसाला माझ्या ताईचाच वर्ग सापडला! कॅमेरा थोडा डावीकडे वळवला तर तो आणखी डावीकडे गेला, वर्ग मोकळा झाला, पण उजवीकडे घंटेचा खांब बाहेर. घंटा घ्यावी तर वर्ग जातो, वर्ग घ्यावा तर घंटा जाते. आणखी पाच फोटो काढले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. वीस सेकंदांत झाडाचं पान हलतं, श्वासासरशी जिवंत माणसाचे खांदे हलतात, फोटोत ते पुसट येतात. हा रेघेइतकाही पुसट नव्हता.

आणि तळ्यावरून धुकं उठायला लागलं होतं. दहा मिनिटांत शाळा दिसेनाशी झाली असती. डोळ्यांसमोर ताई दिसत होती, हातात भिंग घेऊन.

मग मी जे केलं ते तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण इथे फोटोच्या मध्ये कुणी आलं तर आम्ही काय करतो? विनंती करतो. मी टोपी काढली, मैदानात डावीकडे जिथे काहीच नव्हतं तिथे तोंड केलं आणि कमरेत वाकलो.

"माफ करा हं. आपण निवांत उभे आहात, आपल्याला तसदी देणं बरं दिसत नाही. पण माझ्या बहिणीसाठी शाळेचा अख्खा फोटो हवाय. तिचा वर्ग आपल्या मागे झाकला जातोय. जरा बाजूला होता का? फक्त वीस सेकंद. फार उपकार होतील."

काही नाही. धुकं. माझी घंटी एकदा किणकिणली, कारण मी थरथरत होतो.

आणि मग माझ्या मागून, अगदी हळू, सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज आला, "…मीच काढून देऊ का?"

आता बघा सवय काय असते. साठ वर्षांचं वळण. कुणी फोटो काढून देतो म्हणालं की तोंडातून जे येतं तेच आलं. "अहो, खरंच? कृपा होईल!" असं म्हणालो, दोनदा वाकलो, आणि त्याला आडवा नको म्हणून मैदानात डावीकडे सरकून उभा राहिलो. टोपी हातात धरून. शाळेकडे तोंड करून.

आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला, की माझ्या मागे तळं आहे.

वळायची हिंमत होईना. मागे पाण्यात काहीतरी हललं, कुणीतरी सावकाश मागे मागे जावं तसं… मग शटर उघडल्याचा आवाज. मी मोजायला लागलो. एक… दोन… दातांवर दात आपटत होते, पण ड्रायव्हर आहे, मोजणं चुकलं नाही. वीसला शटर मिटलं.

वळलो. तिपाई होती तिथेच, कॅमेऱ्यासकट. फक्त तिचे तिन्ही पाय वरपर्यंत निथळत होते.

मी कॅमेरा उचलला आणि पळत सुटलो. सदुसष्टाव्या वर्षी एवढा पळालो की घंटीच्या खणखणाटाने गावातली कुत्री जागी झाली. गाडीत बसून, दारं लावून, एकदाच पडदा पाहिला. घंटा होती. पहिलीचा वर्ग होता. कोट नव्हता. एवढं बघितलं आणि पडदा बंद केला.

चार दिवसांनी मोठा फोटो छापून घेतला आणि गुंडाळी न उघडताच ताईकडे नेला. दुपारची वेळ, खिडकीत ऊन. ताईने भिंग घेतलं आणि उजवीकडून सुरुवात केली. घंटा. शिक्षकांची खोली. सहावी, पाचवी, चौथी… ओठ हलत होते. पहिलीशी आली आणि थांबली. एक, दोन, तीन खिडक्या. भिंग हातात तसंच राहिलं आणि ती रडायला लागली. मी तिला रडताना याआधी कधीच पाहिलं नव्हतं, आईवडील गेले तेव्हासुद्धा नाही.

"अख्खी आहे रे," ती म्हणाली. "अख्खी आहे. मला फार बरं वाटलं."

मलाही रडू आलं. लाजायचं काय त्यात?

मग तिने डोळे पुसले, भिंग आणखी डावीकडे नेलं. "आणि हा कोण ठोंब्या उभा आहे कडेला?"

मी वाकून बघितलं. पाठमोरा. हातात टोपी. कमरेला घंटी. "…मी," मी म्हटलं.

"मग फोटो कोणी काढला?"

"होते एक जण… तिथे."

ताईने भिंग फोटोच्या तळाशी नेलं. तिथे काळं पाणी होतं, चांगलं चार बोटं, आणि त्यात तारे. पाण्यापलीकडे काठ, काठावर गवत. मी ज्या गवतात तिपाई ठेवली होती तेच.

"हा फोटो तळ्याच्या मधोमधून काढलाय," ताई म्हणाली. शिक्षिका आहे, तिला फसवता येत नाही. "ऑक्टोबरच्या थंडीत, छातीभर पाण्यात उभं राहून. वीस सेकंद!"

मी फोटोची कड सरळ करायला लागलो.

"इसामु. तू त्यांचे आभार मानलेस ना?"

"ताई, ते… माणूस…"

"मानलेस की नाही?"

"पळून आलो."

"पळून आलास!" वृद्धाश्रमातल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. "एवढे कष्ट घेऊन कुणी माझ्यासाठी फोटो काढला आणि तू पाठ फिरवून पळालास? हेच शिकवलं का मी तुला? लोक काय म्हणतील?"

"ताई, तिथे लोक नाहीत."

"ते तरी काय म्हणतील? मिठाई घेऊन जा. चांगली घे, चेस्टनटची. आणि कागद नीट गुंडाळलेला असू दे."

आता सांगा, हिच्यापुढे कुणाचं चाललंय? तरी मी दहा-बारा दिवस काढले. तोवर मशीन येऊन गेलं. शाळेच्या जागी सपाट माती, चार खुंट्या आणि दोरी. शेवटी एका दुपारी गेलो. मुद्दाम दुपारी, मुद्दाम कॅमेरा घरी ठेवून. काठावर मिठाईचा डबा ठेवला, टोपी काढली, तळ्याकडे तोंड करून वाकलो आणि म्हणालो, "त्या दिवशी फार उपकार झाले. बहिणीला आनंद झाला. निघताना बोलायचं राहिलं, माफ करा."

पाणी स्थिर होतं. एक बदक होतं, तेही शांत. जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, सुटलो.

आणि मागून आवाज आला. तळ्यातून नाही हो. तळं तर माझ्या समोर होतं. माझ्या पाठीमागून, जिथे पहिलीचा वर्ग होता त्या मातीवरून. "…खात्री म्हणून आणखी एक काढू का?"

मी हो म्हणालो नाही. शपथ सांगतो, यावेळी नाही म्हणालो. पण वाकलो असणार, सवयीने. शटरचा आवाज मात्र स्पष्ट ऐकला.

घरी आलो. कॅमेरा कपाटात होता तसाच होता, लेन्सला टोपण लावलेलं. कार्डावर एक फोटो जास्त होता. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी तो उघडलेला नाही. अडीच महिने झाले. लेन्स तिथे त्या कपाटात आहे, तुम्हाला हवी तर घेऊन जा. काच उत्तम आहे, तारे टाचणीसारखे येतात, आणि कडेला काय येतं ते मी आता तुमच्यापासून लपवलेलं नाही.

कार्ड मात्र देता येणार नाही. मी मूर्खासारखा सगळं ताईला सांगून बसलो. मला वाटलं घाबरेल. तर ती उशीवरून उठून ताठ बसली, गालांवर लाली आली. "माझ्या वर्गातून काढलाय? म्हणजे माझ्या खिडकीतून तळं दिसेल त्यात! एकतीस वर्षं मी तेच बघत होते रे. रविवारी घेऊन ये. मोठा छापून आण."

"ताई, त्यात… आणखीही काही असेल."

"असू दे," ती म्हणाली. "ते कोण आहेत ते मला बघायचंय. डावी कड कापू नकोस."

उद्या रविवार आहे.